‘न’वरची रेघ

डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी सोडली आणि समोरच्या तक्त्याकडे छडी रोखली. पेंटरने वरच्या भोपळ्याएवढ्या अक्षरापासून सुरुवात केली ती तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत वाचूनच थांबला. वाचून झाल्यावर, तिसऱ्या ओळीतल्या ‘क्ष’चं पोट छापणाऱ्याने जरा डावीकडे सुटू दिलंय, हेही त्याने सांगून टाकलं.

डॉक्टर तक्त्याजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ‘क्ष’चं पोट पाहिलं आणि टाळी वाजवली.

“इतकी वर्षं हा तक्ता माझ्या भिंतीवर आहे, मला नाही दिसलं. ऑपरेशनच्या आधी तुम्हाला दिसलं असतं का हे?”

“नाही,” पेंटर म्हणाला.

दिसलं होतं. पहिल्या तपासणीला आला तेव्हाच ते पोट त्याच्या डोळ्यांत खुपलं होतं. पण त्या दिवशी त्याच्याकडे न दिसण्याचं काम होतं. त्याने डोळे बारीक केले, ‘घ’ला ‘ध’ म्हटलं, ‘म’ला ‘भ’ म्हटलं आणि चौथ्या ओळीपाशी हात टेकले. जन्मभर अक्षरांची अब्रू सांभाळलेल्या माणसाला ‘घ’ला ‘ध’ म्हणताना काय वाटतं, ते सांगून समजायचं नाही. मोतीबिंदू अगदीच नव्हता असं नाही. त्या वयात तो पांढऱ्या केसांसारखा प्रत्येकाकडे थोडाफार असतोच. “खरं तर घाई नव्हती,” डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, “पण झाल्या प्रकारानंतर करूनच टाकू.” फी घेणार नव्हते. ते तळे समितीचे सदस्य होते, रोज सकाळी तळ्याभोवती चालायचे, आणि पाटीचा प्रकार त्यांनी फार मनाला लावून घेतला होता.

“आता नवी पाटी तुमच्याच हातची,” डॉक्टर म्हणाले. “समितीत एक-दोघं म्हणत होते, दुसरा पेंटर बघा. मी म्हटलं, खबरदार. शहरातली निम्मी दुकानं या माणसाच्या अक्षराने ओळखली जातात. डोळ्यांनी दगा दिला म्हणून माणसाचा अपमान करायचा? डोळे होईपर्यंत थांबू.”

“थांबलात,” पेंटर म्हणाला.

“थांबलोच. थोडे दिवस डोळ्यांतून पाणी येईल हं. ते काही वाईट नाही.”

पाटीचा प्रकार असा होता.

शहराच्या कडेला एक तळं होतं. फार पूर्वी विटांसाठी माती खणून नेली, खड्डा मागे राहिला. खड्ड्यात पाणी आलं, पाण्यात पाणकणसं उगवली आणि पाणकणसांत पक्षी येऊन राहिले. माणसाने हात लावून बिघडवली आणि मग तो विसरून गेल्यामुळे सुधारली, अशा थोड्या गोष्टींपैकी ती एक. कपाळावर चुन्याचं बोट उमटल्यासारखा पांढरा डाग असलेले काळे चांदवे तिथे सर्वांत जास्त. शिवाय इथे बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या टिबुकल्या. तळ्याच्या देखरेखीला एक तरुण बाई नेमलेली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून ती दिवसभर काठाने हिंडायची. लोक तिला बदकबाई म्हणत. तळ्यात बदक औषधालाही नव्हतं. पण पाण्यावर तरंगतं ते बदक, इथे लोकांचं पक्षिशास्त्र संपत होतं.

लोक पक्ष्यांना शिळा पाव घालत. बदकबाई सांगून सांगून थकली की पावाने पक्ष्याचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. उरलेला पाव तळाशी कुजतो, पाणी नासतं, आणि नासक्या चिखलात असं विष तयार होतं की पक्ष्याला स्वतःची मानसुद्धा उचलवत नाही. लोक ऐकून हळहळत, आणि हळहळ कमी व्हावी म्हणून दोन तुकडे जास्त टाकत. शेवटी समितीने पाटी लावायचं ठरवलं. मजकूर एकमताने मंजूर झाला: ‘पक्ष्यांना पाव घालू नये.’

काम पेंटरकडे आलं. यायचंच होतं, पाटीचा दुसरा पेंटर म्हणजे आता कॉम्प्युटर, आणि समितीला हाताचं अक्षर हवं होतं.

पेंटरची बायको मोठ्या आजारातून उठली होती. उठली म्हणजे खाटेवरून खुर्चीवर आली. तिचे डॉक्टर म्हणाले, चालायला पाहिजे. ती म्हणाली, कशाला? या प्रश्नाला उत्तर कोणाकडेच नव्हतं. पेंटरने ते शोधून काढलं. तो रोज संध्याकाळी शिळ्या पावाचे तुकडे करायचा, फाशांसारखे, चारी बाजू सारख्या. ते कापडी पिशवीत भरायचा आणि सकाळी पिशवी तिच्या हातात देऊन दारात उभा राहायचा.

“जा. पक्ष्यांना पाव घालून ये.”

आधी ती गेली ती वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून. मग हळूहळू बातम्या घेऊन येऊ लागली. एक चांदवा पायाने अधू होता. त्याचं नाव तिने लंगडा ठेवलं. लंगडा इतरांना कसा टोचा मारतो, लंगडा कसा तिला ओळखतो, लंगडा कसा रुसतो. खुर्ची रिकामी राहू लागली. पेंटर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत काम करायचा आणि त्याची अक्षरं त्या दिवसांत फार गोलमटोल यायची.

पाटी लिहिताना पेंटर आधी अक्षरं काढायचा, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. जुनी पद्धत. रेघ नसते तोवर अक्षरं मैदानात उभ्या राहिलेल्या पोरांसारखी असतात, कोण कोणाच्या घरचं ते कळत नाही. रेघ ओढली की घरं ठरतात. त्या दिवशी घा, लू, न, ये अशी चारी अक्षरं सारख्या अंतरावर उभी होती. पेंटरने चपटा ब्रश रंगात बुडवला, इतक्यात बायको तळ्यावरून आली. चालून गाल लाल झालेले.

“आज लंगड्याने माझ्या हातातून खाल्लं,” ती म्हणाली आणि हसली. आजारानंतरचं ते पहिलं हसू.

ती आत गेली. पेंटर पाटीकडे बघत राहिला. मग त्याने रेघ ओढायला घेतली. ‘घालू’वरून गेली, तिथे ब्रश उचलायचा होता, उचलला नाही. ‘न’वरून गेली आणि मग उचलला. ‘ये’ एकटा पलीकडे राहिला, त्याला त्याची वेगळी रेघ दिली.

पक्ष्यांना पाव घालून ये.

एवढंच. त्याने मनाशी हिशेब केला होता: गंमत आहे, कोणीतरी हसेल, चूक म्हणून परत येईल, तेवढे दिवस तिला मिळतील. ‘करायला गेलो एक आणि झालं भलतंच’ असं म्हणायचीही पुढे त्याला सोय राहिली नाही. करायला गेला होता तेच झालं होतं. फक्त फार झालं होतं.

पाटी लागली त्या दिवशी समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. ज्यांना मजकूर ठाऊक असतो ते पाटी वाचत नाहीत. वाचली ती एका फुगेवाल्याने, मोठ्याने. मग लोकांनी फोटो काढले, एकमेकांना पाठवले. लांबलांबून माणसं पाटी बघायला येऊ लागली, आणि येताना रिकाम्या हाताने कशी येणार? पाव आणू लागली. पाटीशेजारी उभं राहून, पाव टाकतानाचा फोटो. “हुकूम आहे बाबा, मोडायचा कसा,” असं म्हणत पोतंभर पाव रिकामा करून गेलेली एक सहल होती. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने शिळ्या पावाचा वेगळा ढीग लावला.

समिती गप्प बसली नव्हती. पाटी काढायला वरची परवानगी लागते म्हणून तिने परवानगीचा अर्ज केला, आणि तोवर खाली एक छोटी पाटी छापून लावली: ‘वरील पाटी चुकीची आहे.’ त्यानंतर लोक दोन्ही पाट्यांचे फोटो काढू लागले. बदकबाईने एकदा चिडून वर गोणपाट बांधलं. लोक गोणपाट उचलून बघत.

मग डॉक्टरांना डोळ्यांचा शोध लागला. म्हातारा माणूस, डोळे गेले असणार, बिचाऱ्याला सांगता येईना. हा शोध इतका सोयीचा होता की तो सगळ्यांना एकदम पटला. पेंटरने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं, पण समोर चार माणसं इतक्या कळवळ्याने बघत होती की त्याने ते जांभई देऊन मिटलं. परवानगी आली, तरी जुनी पाटी हलली नाही. काढून दुसऱ्याकडून लिहून घेतली तर काकांना काय वाटेल? काकांचे डोळे होऊ देत. काकाच दुरुस्त करतील.

काकांचे डोळे होईपर्यंत पाणी हिरवं झालं. मग तपकिरी झालं. मग चांदवे माना टाकू लागले.

घरात पेंटर रोज संध्याकाळी पाव कापत होता. थांबला असता तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. तुकडे मात्र बारीक होत चालले होते; फाशांचे वाटाणे झाले, वाटाण्यांचा रवा झाला, जणू बारीक केलं की पाप कमी भरतं. बायको पिशवी घेऊन जायची. पाटी लागली त्या दिवशी ती परत येऊन क्षणभर दारात उभी राहिली होती.

“पाटी वाचली,” ती म्हणाली होती.

“कशी आलीय?”

“अक्षर छान आलंय,” असं म्हणून ती आत गेली होती.

हल्ली ती तळ्यावरून आली की पिशवी रोज धुवायची. पावाला मुंग्या लागतात, म्हणाली. पण लंगड्याच्या बातम्या रोज आणायची. लंगडा बरा आहे. लंगड्याने आज दुसऱ्याला पळवलं. पेंटर त्या बातम्या घोटाघोटाने प्यायचा. लंगडा आहे ना, मग सगळंच काही गेलं नाही.

डोळे झाल्यावर तो तळ्यावर गेला. पाण्यात पाइप सोडले होते, पंपाने बुडबुडे उठत होते. वास पुष्कळ कमी झाला होता. पाणकणसांच्या बाजूला पाण्याचा रंगही जरा पाण्यासारखा दिसत होता. बदकबाईने नवी कोरी पाटी दोन विटांवर तिरकी उभी करून ठेवली होती.

“इथेच लिहा काका. लिहिली की लगेच ठोकू.”

“ताई, ‘टाकू नका’ असं लिहू या का? त्याला फाटे फुटत नाहीत.”

“मजकूर मंजूर झालाय. बदलायचा तर परत सभा.”

पेंटर बसला. अक्षरं एकेक करून उभी राहू लागली. बदकबाई पाटीचा कोपरा धरून शेजारी उकिडवी बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “काका, मी त्या वेळी तुमच्यावर फार तडकले होते. फोनवर काय काय बोलले. डोळ्यांचं कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

“बरोबर बोललात तुम्ही.”

“नाही हो. तुमचा काय दोष?”

“ताई, ती रेघ आहे ना…”

“जाऊ द्या ना काका. चूक कुणाच्या हातून होत नाही?”

पेंटरने ब्रश रंगात बुडवला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि तरी कोणी बघायला तयार नव्हतं. तो पाण्याकडे वळला. काही चांदवे लांबवर, पाणकणसांच्या कडेने पोहत होते.

“लंगडा त्यात आहे का हो?” त्याने विचारलं. “इथून दिसत नाही.”

“कोण लंगडा?”

“अधू पायाचा. आमच्या घरी त्याच्या रोज गोष्टी असतात.”

बदकबाईने त्याच्याकडे पाहिलं. “तो होय. तो तर सगळ्यात आधी गेला, काका. काकूंनीच आणून दिला मला. त्यांच्या त्या कापडी पिशवीतून.”

पेंटरच्या ब्रशवरून रंगाचा एक थेंब मातीत पडला.

“काकूंचे फार उपकार आहेत,” ती सांगत होती. “दुसरं कोणी मेलेल्या पक्ष्याला हात लावेना. काकू रोज सकाळी यायच्या, माझ्याबरोबर काठाने फिरायच्या, गोळा करायच्या. इतक्या आजारातून उठलेलं माणूस. मी म्हणायचे, काकू, तुम्ही नका. तर म्हणायच्या, मीच करायला पाहिजे.”

“आणि पाव?”

“कसला पाव?”

“पिशवीतला.”

“तो फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या, येताना. मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, पाटी लागायच्या आदल्या दिवशी, की पावाने असं असं होतं. त्या दिवसापासून एक तुकडा पाण्यात टाकला नाही त्यांनी. सांगितलं आणि ऐकलं असं आख्ख्या शहरात ते एकच माणूस. मी विचारलं, मग आणता कशाला? तर म्हणाल्या, घरी कुणीतरी फार मन लावून कापतं.” ती हसली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

पेंटर पाटीकडे वळला. चारी अक्षरं सारख्या अंतरावर उभी होती. त्याने ‘घालू’वर रेघ ओढली आणि ब्रश उचलला. पुसला. परत बुडवला. मग हात इतका बाजूला नेला की बदकबाईला वाटलं काका पुढचा शब्द पाटीबाहेर लिहितात की काय, आणि तिथून ‘नये’ची रेघ सुरू केली. मधल्या जागेतून एखादा चांदवा पिल्लांसकट चालत गेला असता.

“अंतर जरा जास्त झालं का?” बदकबाई म्हणाली.

“नाही,” पेंटर म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते येणारच होतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी त्याने पाव काढला, सुरी काढली आणि पाटासमोर बसला. बायको पलीकडे उशांना अभ्रे घालत होती.

“झाली पाटी?”

“झाली.”

“बरं झालं.”

“लंगडा कसा आहे?” पेंटरने विचारलं.

तिचे हात अभ्र्याच्या आत होते, तिथेच थांबले. “बरा आहे,” ती म्हणाली. “आज जरा लांबच होता.”

पेंटरने सुरी पावावर ठेवली, आणि नुसतीच ठेवली. थोड्या वेळाने त्याने पाव परत कागदात गुंडाळला.

सकाळी ती चपला घालून दारात आली तेव्हा त्याने तिच्या हातात पिशवी दिली. पिशवी धुतलेली, घडी घातलेली, हाताला हलकी लागणारी. तिने घडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “जा” म्हणायची त्याची वेळ झाली होती. तो म्हणाला नाही. त्याने कोनाड्यातून स्वतःच्या चपला काढल्या.

दोघं तळ्यापर्यंत चालत गेली. फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यापाशी तिची पावलं सवयीने मंदावली, पण थांबली नाहीत. नव्या पाटीपुढे मात्र ती उभी राहिली आणि पोरांना शिकवतात तशी सावकाश, तोडून तोडून वाचू लागली. “घालू. नये.” वाचून झाल्यावर बाकावर जाऊन बसली. पेंटर शेजारी बसला.

“तुमच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं ना हो?” पाण्याकडे बघत ती म्हणाली.

“नाही.”

तिने मान हलवली. “पहिल्या दिवशी पाटी वाचली तेव्हा मला तुमचाच आवाज आला.”

मग बोलली का नाहीस, असं विचारायला पेंटरने तोंड उघडलं. तो प्रश्न तिथून निघून तिच्यापर्यंत जायच्या आधीच वळून त्याच्याकडे आला.  ती मांडीवर पिशवीच्या घड्या घालत होती. अर्धी, पाव, आणखी अर्धी. घडी मुठीत मावेल एवढी झाली, तरी ती घालतच होती.

पाणकणसांतून दोन चांदवे निघाले. मग आणखी काही. बाकावर माणसं बसलेली दिसली म्हणून ते संथपणे पाणी कापत थेट काठाशी आले आणि चुन्याची बोटं उमटलेली कपाळं वर करून, वाट बघत तिथेच थांबले. पेंटरने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला. पक्षी हलले नाहीत. त्यांना पाटी वाचता येत नव्हती. जुनीही नाही आणि नवीही नाही.